सिस्टरकाकूंना ‘थांबा’ कसं म्हणू?

पत्र थोडक्यात असं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका मैत्रिणीने लिहिलंय. सासूबाई ६३ वर्षांच्या, स्तनाचा कॅन्सर, केमो मुंबईत झाली आणि सहा महिन्यांपूर्वी संपली, पण छातीत बसवलेला केमोपोर्ट, म्हणजे औषध थेट मोठ्या शिरेत द्यायची कातडीखालची चकती, डॉक्टरांनी अजून काढलेला नाही. तो महिन्यातून एकदा फ्लश करायला लागतो, म्हणजे सुई टोचून आत सलाइन ढकलून नळी मोकळी ठेवायला लागते. त्यासाठी पुण्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस, गाडीभाडं आणि नवऱ्याची सुट्टी, म्हणून गल्लीतल्या सिस्टरकाकू घरी येऊन करून देतात. त्या एका नर्सिंग होममधून रिटायर झाल्यात, एक रुपयाही घेत नाहीत. मुंबईत या मैत्रिणीने पाहिलं होतं की तिथली सिस्टर मास्क लावायची, पाकिटातले ग्लोव्हज घालायची, एकदा साफ केलेल्या जागेला परत हात लावायची नाही. काकू डबीतल्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात, वाळायला फुंकर मारतात, बोटाने पोर्ट पुन्हा चाचपतात आणि सुई टोचतात. नवरा म्हणतो, “चार वेळा झालं, काही झालं नाही, त्यांनी जन्मभर हेच केलंय, तू त्यांना शिकवणार का?” आणि अगदी शेवटी एक ओळ आहे की मागच्या वेळी रात्री आईंना हुडहुडी भरून आली, तापाची गोळी दिली, सकाळी बऱ्या होत्या. प्रश्न असा की काकूंना न दुखावता कसं सांगू, की व्हिडिओ बघून मीच शिकून घेऊ, की सरळ पुणं धरू.

तू मला ताई म्हटलंयस म्हणून एकेरीतच लिहिते.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ माझ्यासाठी पहिली आहे. फ्लश केलं आणि त्याच रात्री थंडी वाजून आली, हे मी केमोच्या डे-केअरमध्ये इतकी वर्षं सिस्टर म्हणून काम करताना ज्या गोष्टीवर कान टवकारायला शिकले तेच आहे. पोर्टच्या आत जंतू घर करून बसले असतील तर एरवी माणूस बरा दिसतो, आणि फ्लश केलं की ते पाण्याच्या झोताबरोबर रक्तात ढकलले जातात आणि अर्ध्या तासात, काही तासांत थंडी वाजायला लागते. आईंचं तसंच झालंय असं मी इथे बसून म्हणू शकत नाही, साधा व्हायरलही असू शकतो, पण ते ठरवायचं काम तुझं नाही, माझं नाही आणि काकूंचंही नाही. त्यामुळे आजच, हे वाचून झाल्यावर, मुंबईच्या ओपीडीला किंवा आईंच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन कर आणि तारखेसकट सांग की अमुक दिवशी फ्लश केलं, इतक्या वाजता थंडी आली, ताप मोजला होता की नाही, कुठली गोळी दिली. ते बहुतेक रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी, करायला सांगतील, एक पोर्टमधून आणि एक हाताच्या शिरेतून, आणि ते अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी व्हायला हवं म्हणून गावातल्या डॉक्टरकडून मधेच काही सुरू करून घेऊ नकोस. त्यांचं उत्तर येईपर्यंत घरी फ्लश करायचं नाही, तारीख उलटली तरी चालेल. मात्र मधल्या काळात पुन्हा थंडी वाजली, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, पोर्टवरची कातडी लाल झाली, दुखायला लागली, पू दिसला किंवा त्या बाजूचा हात नाहीतर मान सुजली, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल, रात्र असेल तर रात्री. आणि ज्यांची केमो अजून चालू आहे त्यांच्यासाठी तर हे दुप्पट लागू, कारण पांढऱ्या पेशी खाली असताना ताप आला की काही तासांत माणूस हाताबाहेर जातो, मी बघितलंय.

आता नवऱ्याच्या वाक्याबद्दल, कारण मला वाटतं खरी अडचण तिथेच आहे. “चार वेळा काही झालं नाही.” एक म्हणजे झालं असू शकतं, ती थंडी. आणि दुसरं, काही झालं नाही यावरून पद्धत बरोबर होती असं सिद्ध होत नाही. पोर्ट म्हणजे कातडीखाली बसवलेली एक छोटी चकती, आत पोकळ, वर सिलिकॉनचा पडदा, आणि तिला जोडलेली बारीक नळी मानेजवळच्या मोठ्या शिरेतून आत जाऊन हृदयाच्या अगदी तोंडाशी संपते. काकू सुई टोचतात ती छातीवर दिसते, पण खरं म्हणजे त्या हृदयाच्या दारात काहीतरी नेऊन ठेवत असतात. दंडावर इंजेक्शन देताना थोडं उन्नीस-बीस झालं तर शरीर निभावून नेतं, तिथे स्नायू आहे, रक्त आहे, पेशी धावून येतात. पोर्टच्या आत जिवंत असं काही नाही, प्लास्टिक आणि धातू. स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू तुझ्या माझ्या सगळ्यांच्या कातडीवर सुखाने राहतात, आपलं काही बिघडवत नाहीत, पण तेच सुईबरोबर आत गेले की नळीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि आपल्याभोवती एक थर तयार करतात, माठ बरेच दिवस घासला नाही की आत बुळबुळीत लागतं ना, तसा. त्या थरात औषध नीट पोचत नाही. म्हणून पुष्कळदा पोर्ट काढूनच टाकावा लागतो. काकूंनी जन्मभर हजारो इंजेक्शनं दिली असतील आणि ती उत्तम दिली असतील यात मला शंका नाही, पण त्यांच्या नर्सिंग होममध्ये पोर्ट किती आले असतील? हा त्यांच्या अनुभवाचा अपमान नाही, ते काम वेगळं आहे इतकंच.

आणि ग्लोव्हज. हा गैरसमज शिकलेल्या घरांतही सर्रास दिसतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. डब्यातून टिश्यूसारखे ओढून काढतात ते ग्लोव्हज स्वच्छ असतात, निर्जंतुक नसतात, ते घालणाऱ्याचे हात वाचवायला असतात. निर्जंतुक ग्लोव्हज कागदी पाकिटात एकेक जोडी येते, वर साडेसहा, सात, साडेसात असा नंबर असतो, आणि ते पेशंटला वाचवायला असतात. पण ते घालून कुणी पलंगाची कड धरली, चष्मा वर केला, स्पिरिटची डबी उघडली, तर ते त्या क्षणी पहिल्या प्रकारचे झाले. हे आईंना समजावायचं असेल तर मी एक उपमा वापरायचे, जपून वापरायचे, कारण सोवळ्याच्या नावाखाली आपल्याकडे माणसांना दूर ठेवलं गेलं आणि त्याबद्दल माझ्या मनात राग आहे. पण नैवेद्याचा स्वयंपाक करणारी बाई कशी वागते ते आपल्या आया-आज्यांना पाठ असतं, की एकदा तयारी झाली की ती दुसऱ्या कशाला शिवत नाही, आणि चुकून शिवली तर “एवढ्याने काय होतंय” म्हणत नाही, परत पहिल्यापासून सुरू करते. स्टराइल, म्हणजे निर्जंतुक, म्हणजे तेवढंच. इथे शिवायचं नाही ते माणसाला नाही, वस्तूंना. आणि थोडं सोवळं, बरंचसं सोवळं असं काही नसतं, मोडलं की मोडलं.

मग नीट पद्धत कशी असते ते सांगते, म्हणजे तुला काय बघायचं ते कळेल आणि ज्यांच्या घरी किंवा जवळच्या दवाखान्यात हे होतं त्या सगळ्यांनाही उपयोग होईल. आधी खोलीचा पंखा बंद, खिडकीचा पडदा सारखा करून घ्यायचा, पलंगावर कुणी बसलेलं नको, आईंची माळ-मंगळसूत्र काढून बाजूला, पदर-गाऊन नीट सरकवून पोर्टच्या भोवती भरपूर जागा मोकळी. मास्क दोघींना, सिस्टरला पण आणि आईंना पण, आणि आईंनी तोंड दुसऱ्या बाजूला वळवायचं कारण बोलताना उडणारी थुंकी थेट तिथेच पडते. पोर्ट चाचपायचा तो आत्ता, साफ करायच्या आधी, कडा कुठे आहेत ते मनात धरून ठेवायचं. मग हात साबणाने धुवायचे आणि सॅनिटायझर. स्टराइल पाकीट उघडून त्याचाच कागद पसरायचा, सुई, सिरिंज, गॉज सगळं त्यावर टाकायचं, आणि मग स्टराइल ग्लोव्हज. कातडी साफ करायला आता बहुतेक कॅन्सर हॉस्पिटलांत २ टक्के क्लोरहेक्झिडिन आणि ७० टक्के अल्कोहोल एकत्र असलेलं औषध वापरतात, त्याने निदान ३० सेकंद पुढे-मागे चोळायचं, नुसतं पुसायचं नाही, आणि मग तेवढाच वेळ किंवा जास्त, पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. ज्यांना ते चालत नाही त्यांना बेटाडिन, पण त्याला वाळायला दोनेक मिनिटं लागतात आणि लोक तेवढं थांबत नाहीत. वाळणं म्हणजे वेळ वाया जाणं नाही, औषध जंतू मारतंय ते याच वेळात मारतंय. तिथे फुंकर मारली की तोंडातले जंतू धुतलेल्या कातडीवर बसले, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. आणि वाळल्यावर परत हात लावायचाच असेल तर फक्त स्टराइल ग्लोव्ह घातलेल्या बोटांनी, पोर्ट दोन-तीन बोटांत धरून ठेवण्यापुरता.

स्पिरिटची डबी मात्र घरातून काढूनच टाक, म्हणजे या कामासाठी तरी. कापूस आधीच भिजवून डबीत भरून ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, कारण दहा वेळा त्यात बोटं जातात, स्पिरिट उडून जातं आणि उरतो ओला कापूस. तसंच सलाइनची उघडी बाटली फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या महिन्याला वापरायची नाही, दर वेळी नवीन १० मिलीची.

सुई कुठली वापरतात ते तू लिहिलं नाहीस, तेही बघ. पोर्टला ह्यूबर सुईच लागते, तिचं टोक किंचित वळलेलं असतं म्हणून ती सिलिकॉन कापत नाही, बाजूला सारते. साधी सुई किंवा पंख असलेली स्काल्प व्हेन घातली तर दर वेळी पडद्याचा एखादा कण निघू शकतो आणि कधीतरी पडदा गळायला लागतो. दोन्ही पंखवाल्या दिसतात म्हणून केमिस्टकडे गल्लत होते, पाकिटावरचं नाव वाचून घ्यायचं. सिरिंज १० सीसीचीच, छोट्या सिरिंजने दाब जास्त येतो आणि आतली नळी फुटू शकते. आधी रक्त मागे येतं का बघायचं, येत नसेल किंवा ढकलायला जड जात असेल तर जोर लावायचा नाही, थांबायचं आणि हॉस्पिटलला विचारायचं. सलाइन थांबत-थांबत ढकलायचं. शेवटी हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, घालायचं का आणि किती, हे डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलंच हवं, तोंडी नाही. आपल्याकडे हेपॅरिनची ५ मिलीची बाटली मिलीला १००० युनिटचीही मिळते आणि ५००० युनिटचीही, आणि पोर्टमध्ये बऱ्याच ठिकाणी मिलीला १०० युनिट असं पातळ केलेलं ठेवतात, म्हणजे चूक झाली तर केवढी होते बघ. लेबल मोठ्याने वाचून मगच भरायचं, तू वाच आणि काकूंनी ऐकावं.

आता तुझा खरा प्रश्न. तू धरून चालली आहेस की काकूंना टोकलं म्हणजे त्यांना तुझ्यापेक्षा कमी कळतं असं म्हटल्यासारखं होईल. मला स्वतःवर आलेली एक गोष्ट सांगते. नोकरीला लागून पाच-सहा वर्षं झाली होती, हात बसला होता, सकाळपासून अकरावा की बारावा पोर्ट होता. साफ केलं, वाळलं, आणि सुई घ्यायच्या आधी मी सवयीने त्याच हाताने ट्रॉली जवळ ओढली. पेशंटचा नवरा कोपऱ्यात उभा होता, शेतकरी माणूस, दर वेळी गप्प उभा राहून बघायचा. तो हळूच म्हणाला, “सिस्टर, हात लागला.” मला इतका राग आला की कान तापले. वॉर्डमधल्या दोघी बघत होत्या. पण हात लागला होता हे खरं होतं. मी सगळं टाकून दिलं, नवीन पाकीट उघडलं, परत पहिल्यापासून केलं. राग उतरायला संध्याकाळ झाली आणि त्यानंतर मी त्या माणसाचे आभार मानले, केमोच्या पुढच्या फेरीला आला तेव्हा. तेव्हापासून मी प्रत्येक नातेवाईकाला आधीच सांगायचे, माझा हात कुठे लागलेला दिसला तर बोला. चांगल्या सिस्टरचाही हात लागतो, रोज लागतो, फरक इतकाच की कुणी सांगितलं की ती परत सुरू करते.

आणि हे माझ्या एकटीचं म्हणणं नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमध्ये डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक काम केलं, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मोठ्या शिरेत नळी घालताना करायच्या पाच साध्या गोष्टींची यादी, हात धुणं, पूर्ण झाकून घेणं, क्लोरहेक्झिडिन, अशा. कुठल्याही डॉक्टरला माहीत नाही असं त्यात एकही नव्हतं. पण त्याबरोबर नर्सला अधिकार दिला की डॉक्टरने पायरी गाळली तर तिने थांबवायचं. दीड वर्षात त्या नळ्यांचं इन्फेक्शन जवळजवळ दोन तृतीयांशाने खाली आलं. ते पोर्टबद्दल नव्हतं, आयसीयूबद्दल होतं, पण मला त्यात जे दिसतं ते हे की नियम सगळ्यांना ठाऊकच होते, कमी होतं ते शेजारी उभं राहून बोलायला मुभा असलेलं माणूस. तुझ्या घरात ते माणूस तू आहेस.

म्हणून व्हिडिओ बघून तूच सुई टोचायला शिकू नकोस. व्हिडिओत हात कुठे लागला ते दिसतं पण स्वतःचा लागलेला कळत नाही, त्याला कुणीतरी समोर उभं राहून दहा वेळा करून घ्यावं लागतं, हॉस्पिटलने बसवून शिकवलं आणि तुझ्याकडून करवून घेतलं तर गोष्ट वेगळी. पण मदतनीस हो. या कामाला तसेही दोन जणी लागतात, ग्लोव्हज घातलेल्या हाताने बाहेरचं पाकीट उघडता येत नाही, सेकंद मोजता येत नाहीत. तू पाकिटं उघडून दे, घड्याळ बघून “झाले तीस” म्हण, लेबल वाच. मग तू उभी आहेस ती तपासायला म्हणून राहत नाही, हाताखाली म्हणून राहते, आणि त्यात काकूंचा मान राहतो.

बोलायचं मात्र त्या दिवशी सुई हातात असताना नाही. दोन दिवस आधी त्यांच्या घरी जा, चहाला बस. थंडीचं सांग, ते लपवू नकोस, पण तुमच्यामुळे झालं असं म्हणू नकोस कारण ते आपल्याला माहीतच नाही. म्हण की काकू, त्या रात्री मी फार घाबरले, हॉस्पिटलला फोन केला, त्यांनी पोर्टची पद्धत लिहून द्यायचं कबूल केलंय, सामानही तेच आणायला सांगितलंय, तुम्ही आणि मी मिळून एकदा वाचूया का. आणि हे खोटं बोलायचं नाहीये, फोन करशील तेव्हा खरंच मागून घे, पेशंटसाठी लिहिलेल्या सूचना ते देतात, पोर्ट बसवताना मिळालेल्या कार्डाचा फोटोही घेऊन ठेव. सामान तूच आण, दर महिन्याचा एक संच करून डब्यात ठेव, ह्यूबर सुई, स्टराइल ग्लोव्हज काकूंच्या मापाचे दोन जोड, मास्क, क्लोरहेक्झिडिन, सलाइन, सिरिंजा, गॉज. दुसरा जोड मुद्दाम. हात लागला तर तुला “काकू, चुकलं” म्हणायला नको, नुसतं “काकू, दुसरे देऊ?” म्हण आणि पाकीट पुढे कर. खर्च वाढेल, दर वेळी काही शे रुपये, पण त्या फुकट करतात म्हणून सामानही कमीत कमी वापरायचं हे त्यांच्या मनात असणार, आणि मला राहून राहून वाटतं की फुंकर, डबीतला बोळा यातलं निम्मं तुमचे पैसे वाचवायच्या मायेतून आलेलं असावं. त्यांना त्यातून मोकळं कर.

एवढं करूनही त्या म्हणाल्या की मला या वयात हे नवीन जमणार नाही, तर तो प्रामाणिकपणा आहे, त्याबद्दल त्यांना नमस्कार कर आणि पुणं धर. पुण्याचं एक ओझं कमी होऊ शकतं. दर चार आठवड्यांनी फ्लश ही जुनी चाल आहे, वापरात नसलेल्या पोर्टला आता काही हॉस्पिटलं आठ, बारा आठवड्यांचं अंतरही चालवतात, कारण जितक्या वेळा सुई कमी तितक्या वेळा धोका कमी. आपल्या मनाने वाढवायचं नाही, पण विचार. आणि हेही विचार की केमो संपून सहा महिने झाले तर पोर्ट अजून कशासाठी ठेवलाय, परत लागण्याची शक्यता आहे म्हणून की नुसतं राहून गेलंय. कधी कधी नुसतं राहून गेलेलं असतं. पुण्यात गेलात तरी नजर तशीच ठेव, मोठी इमारत म्हणजे आपोआप स्टराइल असं नसतं.

ज्यांचा पेशंट पोर्टला सुई लावलेली ठेवूनच घरी येतो, औषधाचा पंप लावलेला असतो वगैरे, त्यांच्यासाठी थोडं. वरचं पारदर्शक ड्रेसिंग आणि सुई जास्तीत जास्त सात दिवस, खाली गॉज घातलं असेल तर दोन दिवस, आणि ओलं झालं, कड सुटली, आत रक्त-पाणी दिसलं तर त्याच दिवशी बदलायचं, वरून आणखी चिकटपट्टी लावून दाबून ठेवायचं नाही. अंघोळीला तो भाग कोरडा. नळीच्या तोंडाला काहीही जोडायच्या आधी दर वेळी अल्कोहोलच्या पाकीटबंद स्वॅबने पंधरा सेकंद चोळून वाळू द्यायचं. सुई नसेल आणि टोचलेली जागा भरून आली असेल तर मात्र ड्रेसिंगची गरज नाही, आईंना खुशाल अंघोळ करू दे, उगाच पट्ट्या चिकटवून कातडी खराब करू नका.

नवऱ्याला हे पत्र वाचायला दे, आणि काकूंकडे तू आणि तो मिळून जा. पण त्याआधी तो फोन. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, विशेषतः कल्चरचं काय आलं ते.